राजकारण पहिल्या मुखपृष्ठापासूनच

रविवारच्या पुरवणीतील सुपरहिरो कॉमिक्सवरचा लेख वाचला. ही कॉमिक्स अलीकडे राजकीय थरारकथा होऊ लागली आणि त्यांतली गंमत गेली, ही तक्रार पटली नाही. 'कॅप्टन अमेरिका'च्या मार्च १९४१ च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या थोबाडावर ठोसा लगावतो. हा अंक बाजारात आला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती.

पुढे १९७४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भोवलेले वॉटरगेट हेरगिरी प्रकरण ऐन भरात असताना, लेखक स्टीव्ह एंगलहार्ट यांनी याच नायकाला एका गुप्त संघटनेच्या म्होरक्यामागे थेट व्हाइट हाउसमध्ये नेले. मुखवटा उतरतो, पण चेहरा वाचकाला दिसत नाही. दिसतो तो ओळख पटून हादरलेला नायक. म्होरक्या स्वतःवर गोळी झाडून घेतो. रोख निक्सन यांच्याकडे होता; प्रत्यक्षात त्यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. नायकाने तर देशाच्या नावाचा पोशाखच उतरवला आणि काही अंक तो 'नोमॅड' (भटक्या) म्हणून वावरला.

मारामारीची पाने मीही चवीने वाचतो. पण कॅप्टन अमेरिकाने फेकलेली ढाल दर वेळी बिनचूक हातात परत कशी येते, हे न विचारणाऱ्या आम्हा वाचकांना एवढे राजकारण जड जाऊ नये!

– एक वाचक, डोंबिवली