गिअरबॉक्स बदलण्याची गरज नाही

घोडबंदर रोड, ठाणे

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

वर्कशॉपने पूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितलेली आपली ऑटोमॅटिक गाडी दुरुस्त झाली असून येत्या रविवारी मी ती नेरुळला आणून देणार आहे. फोनवर हा विषय निघाला की बाबा "जाऊ दे, विकून टाकू" म्हणतात आणि बोलणे तिथेच खुंटते, म्हणून नेमके काय बिघडले होते आणि काय केले, ते सविस्तर लिहीत आहे. बाबा, गुडघ्यामुळे आपला पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नीट पडत नसेल आणि म्हणून गाडी झटके देत असेल, असे तुम्ही आईजवळ बोललात. तो विचार कृपा करून मनातून काढून टाका. गाडी माझ्या हातीही त्याच ठिकाणी, तसेच झटके देत होती.

तक्रार एकच वाटली तरी बिघाड दोन होते. पार्किंगमधून मागे घेतलेली गाडी 'आर'वरून (रिव्हर्स) 'डी'ला (ड्राइव्ह) टाकली की खालून धप्प असा आवाज येई. आणि गाडी चांगली तापली की दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना झटका बसे, जो सकाळी थंड गाडीत जाणवत नसे. इंजिन मिसिंग करत, म्हणजे मधूनच ठोके चुकवत असले तरी असाच झटका बसतो आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी येतो, म्हणून तो संशय आधी दूर करणे आवश्यक होते. पाम बीच रोडवर पहाटे एका वेगाने गाडी चालवून पाहिली. एकाच गिअरमध्ये असेपर्यंत इंजिन अगदी एकसारखे चालत होते. गिअर बदलताना मात्र आरपीएमचा काटा आधी किंचित वर उसळे आणि मग गाडीला हिसका बसे. आतला क्लच क्षणभर घसरतो आणि मग एकदम पकडतो, याची ती खूण होती.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल केवळ वंगण नसते. त्याच्याच दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात, आणि तो दाब कोणत्या क्लचकडे, किती व केव्हा जाईल हे सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह) आणि व्हॉल्व्ह बॉडी (तेलाच्या बारीक वाटा असलेला ठोकळा) ठरवतात. त्यामुळे तेल कमी झाले किंवा जुने होऊन त्याचा गुण गेला, तर सगळे भाग धडधाकट असूनही गिअर नीट पडत नाहीत. वाशीच्या किंवा तीन हात नाक्याच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असते तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, हे तेल सतत घुसळले जाऊन तापते. किलोमीटर थोडेच वाढतात, पण तेल मात्र थकते.

मेकॅनिकने प्रथम स्कॅनर लावला. सोलेनॉइडच्या बिघाडाचा एकही कोड आला नाही. मग तेल उतरवले. नवे तेल कोकम सरबतासारखे लाल आणि पारदर्शक असते. आपले काळपट तपकिरी झाले होते आणि पातळीही कमी होती, कारण अ‍ॅक्सलच्या सीलमधून ते हळूहळू पाझरत होते. चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचे तेलाचे भांडे, उघडल्यावर मेकॅनिकने तळाच्या चुंबकावरचा राखाडी लेप दोन बोटांत चोळून मला दाखवला. तो अगदी मऊ होता, एकही कण बोटाला टोचत नव्हता. इतकी झीज कोणत्याही गिअरबॉक्समध्ये होते. धातूचे तुकडे सापडले असते तर गोष्ट वेगळी होती. ज्या वर्कशॉपने तुम्हाला पूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा खर्च सांगितला, तिथे तेल उतरवूनसुद्धा पाहिले नव्हते, याचा मला मनापासून राग आला. वयस्कर माणसाला घाबरवून एवढा मोठा निर्णय घ्यायला लावणे मला अजिबात मान्य नाही.

'आर'वरून 'डी'ला टाकताना होणारा आवाज इंजिनला धरून ठेवणाऱ्या, फाटलेल्या रबरी माउंटिंगचा होता. ब्रेक घट्ट दाबून गिअर बदलल्यावर बॉनेटखाली इंजिन स्पष्ट हेलकावताना दिसले. माउंटिंग आणि सील दोन्ही नवीन बसवले आहेत. एका वेळी निम्म्याहून कमी तेल निघते आणि बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते, त्यामुळे थोडे दिवस गाडी चालवून पुन्हा तेल बदलले. मशीनने दाब देऊन धुण्याला मी नकार दिला, कारण इतक्या जुन्या गिअरबॉक्समधली घाण हलून व्हॉल्व्ह बॉडीत अडकण्याची मला धास्ती होती. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रतीचेच तेल भरले असून, पुढेही दुसरे कोणतेही लाल तेल कोणाला घालू देऊ नका. शेवटी स्कॅनरने गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमधील जुनी शिकवण पुसली आहे. त्याला नव्या तेलाची सवय होईपर्यंत सुरुवातीला क्वचित हलका हिसका जाणवेल. त्याने बिचकू नका.

बाबा, दोन गोष्टी सांभाळा. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय 'आर'वरून 'डी'ला टाकू नका, आणि उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक ओढून मगच 'पी' (पार्क) करा, म्हणजे गाडीचा भार गिअरबॉक्समधल्या छोट्या खिटीवर येणार नाही.

आई, तुझ्याकडे एक काम आहे. पहिले काही दिवस रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली एक पांढरा पुठ्ठा ठेव आणि सकाळी फिरायला निघताना पाहत जा. एसीचे पाणी पडलेले असेल तर काळजी नाही; लाल डाग दिसला तर मोबाईलवर फोटो काढून मला पाठव, आणि मी येईपर्यंत बाबांना गाडी बाहेर काढू देऊ नकोस.

तुमची लेक