पंचगंगेची पातळी छापता, तशी तापाची पातळी पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कसबा बावड्यात माझं मेडिकलचं दुकान आहे, तुमचा पेपर सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर पडलेला असतो आणि जुलै लागला की मीच काय अख्खं कोल्हापूर पहिलं काय बघतं तर राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट. ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्या तिसरीतल्या नातवाला पण पाठ आहे. राधानगरीचे किती दरवाजे उघडले, किती बंधारे पाण्याखाली, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं का, सगळं तुम्ही छापता आणि लोकं त्यावरनंच ठरवतात की जनावरं कधी हलवायची, सामान माळ्यावर कधी टाकायचं. माझी मागणी एवढीच आहे की त्याच चौकटीत शेजारी अजून एक आकडा छापा. ह्या आठवड्यात तापाचे, जुलाबाचे, काविळीचे पेशंट किती, कुठल्या तालुक्यात, आणि दरवर्षी ह्याच आठवड्यात किती असतात. आणि त्याचा अर्थ पुढाऱ्यांनी नको, साथरोगाचा अभ्यास केलेल्या प्राध्यापकांनी सांगावा.

का म्हणतोय ते सांगतो. २०१९ ला पाणी ५५ फुटाच्या वर गेलं, हायवे बंद, औषधांची गाडी येईना, शहरात नळाला पाणी नाही कारण पंपच पाण्यात. तेव्हा सगळ्यांचं लक्ष बोटींवर होतं आणि ते बरोबरच होतं, पण पाणी उतरलं, बोटी गेल्या, पाहुणे मदत वाटून गेले आणि आमचं खरं काम तिथनं सुरू झालं. माझे मेव्हणे शिरोळ तालुक्यातले. कॅम्पमधनं घरी गेले तसे अनवाणी गोठा साफ करायला लागले, चार दिवस गुडघाभर चिखलात, टाचांना ही भेगा पडलेल्या. दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप आला, डोळे लाल, पोटऱ्या एवढ्या दुखायच्या की हात लावू देईनात. ज्या खाजगी दवाखान्यात नेलं तिथं व्हायरल म्हणून इंजेक्शन दिलं, पुराच्या पाण्यात होता का हे एका शब्दानं विचारलं नाही. मग लघवी कमी झाली, दुसरीकडं हलवलं, तिथं कळलं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. दोनदा डायलिसिस करावं लागलं. वाचले, पण तो गडी आज पण पहिल्यासारखा उसात उतरत नाही.

उंदराच्या नाहीतर जनावराच्या लघवीतनं ते जंतू पाण्यात येतात, भेगांतनं अंगात शिरतात, आणि ताप यायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात, कधी महिना पण. म्हणजे पाणी उतरल्यावर सगळं निवांत वाटतं नेमका तोच काळ धोक्याचा. गमबूट घालायचे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठवड्याला एक डोस डॉक्सीसायक्लिन, हे साथरोगवाल्यांना कित्येक वर्षं माहिती आहे. माझ्या दुकानात डॉक्सीची स्वस्तातली स्ट्रिप पडून असते साहेब. गोळी होती, सांगणारा वेळेवर पोचला नाही.

आता सांगणारी माणसं आहेत का, तर आहेत. त्याच पुरानंतर एका मेडिकल कॉलेजमधल्या कम्युनिटी मेडिसिनच्या बाई दोन-तीन विद्यार्थी घेऊन माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं तपासणी आली, बिलांची फाईल काढायला लागलो. तर त्या म्हणाल्या बिलं राहू द्या, ओआरएसची पाकिटं आणि जुलाबाच्या गोळ्या कालपेक्षा आज किती जास्त गेल्या आणि कुठल्या गल्लीतली माणसं येतायत तेवढं सांगा. मी आठवून आठवून सांगितलं, चौदा-पंधरा पाकिटं एकाच बोळातली. त्या तडक त्या बोळात गेल्या, मी पण गेलो मागनं. तिथं टँकरचं पाणी एका निळ्या बॅरलमधे भरलेलं होतं. काचेच्या नळीत पाणी घेतलं, त्यात ओटी नावाच्या रसायनाचे थेंब टाकले. क्लोरीन असलं तर पिवळं होतंय ते. आम्ही सगळे वाकून बघतोय आणि पाणी आहे तसंच, पिवळेपणाचं नाव नाही. बाईंनी तिथंच उभ्या उभ्या टँकर कुठं भरतात ते विचारलं, दोन फोन केले, संध्याकाळच्या खेपेपासनं पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडायला लागलं, आणि चार दिवसात माझ्या काउंटरवरची ओआरएसची मागणी उतरली. मला त्यादिवशी कळलं की डॉक्टरकीत असं पण एक काम असतं, ज्यात पेशंट तपासायच्या आधी पाणी तपासतात, आणि मेडिकलवाल्याला विचारतात.

ह्या कम्युनिटी मेडिसिनला पोरं पीएसएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणतात. बाई म्हणाल्या पीजीला हा विषय आवडीनं घेणारे थोडे, कारण ह्यात बोर्ड लावून प्रॅक्टिस नाही. वाईट वाटलं ऐकून. २०२० ला लॉकडाऊनमधे आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचे डॉ. रमण गंगाखेडकर टीव्हीवर शांतपणे समजावून सांगायचे तेव्हा आख्खा देश कान देऊन ऐकत होता की, आणि ते साथरोगाचेच माणूस. साथ असताना ऐकायचं आणि साथ गेली की विसरायचं असं चाललंय आपलं.

आकडे गोळा होत नाहीत असं पण नाही. २००४ पासनं देशात साथरोग सर्वेक्षणाची योजना आहे, उपकेंद्रातनं, डॉक्टरांकडनं, लॅबमधनं माहिती जाते, आता ती ऑनलाइन भरतात. पण नुसत्या आकड्यात काही नसतं. तालुक्यात तापाचे ८० पेशंट म्हटलं तर जास्त का कमी? मागच्या पाच वर्षांत ह्याच आठवड्यात किती होते ते बघून, नेहमीचा चढउतार धरून हे लोक एक रेघ मारतात, त्या रेघेच्या वर गेलं की समजायचं काहीतरी वेगळं चाललंय. म्हंजे तापाची इशारा पातळी आणि धोका पातळीच झाली की ती! कोल्हापूरकराला ह्यापेक्षा सोपं करून काय सांगायचं.

लोकं घाबरतील असं कोणीतरी म्हणणारच. ४३ फूट छापल्यावर लोकं घाबरून पळत सुटतात का? चिखली आंबेवाडीची माणसं शांतपणे जनावरं सोडवून बाहेर काढतात. आणि २०२१ च्या जूनमधे पॉझिटिव्हिटी रेट किती त्यावर बाजारातली दुकानं कितीपर्यंत उघडी ते ठरत होतं, तेव्हा भाजीवाल्या मावशी पण रेट विचारायच्या. सांगितलं की लोकांना समजतंय. न सांगता काय होतं ते इचलकरंजीनं २०१२ ला बघितलंय, दूषित पाण्यातनं काविळीची साथ, घराघरात पेशंट, माणसं गेली. ती कावीळ पाणी प्यायल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसते आणि गरोदर बायकांच्या तर जिवावर बेतते. पहिला माणूस पिवळा दिसेपर्यंत आख्खी पेठ ते पाणी प्यालेली असते. म्हणून तिथं दवाखान्याचा आकडा एकटा पुरत नाही, कुठल्या भागातल्या पाण्याच्या ओटी टेस्ट फेल गेल्या ते पण शेजारी पाहिजे.

तेव्हा साहेब, मे महिन्यात पावसाळ्याच्या आधीची आढावा बैठक होते त्यात बोटी, लाइफ जॅकेट, टॉर्च मोजतात, त्या टेबलावर मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिनवाल्यांना आणि विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या लोकांना खुर्ची मिळाली का हे तुमच्या बातमीदारानं विचारावं. आणि जूनपासनं ती चौकट सुरू करावी, आठवड्यातनं एकदा केली तरी चालंल.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. ओआरएस, जुलाबाच्या गोळ्या आणि पॅरासिटामॉल, रोज रात्री शटर ओढायच्या आधी एका दोनशेपानी वहीत लिहितो, शेजारी गल्लीचं नाव, गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नाही. बावड्यातल्या अजून दोन मेडिकलवाल्यांना पण सांगितलंय. कुणा प्राध्यापकांना बघायची असली तर वही काउंटरवरच असते, दुपारी एक ते चार सोडून कधीही या.

आपला,
एक मेडिकल दुकानदार
कसबा बावडा, कोल्हापूर