बंद केली की झालं ना?

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा बाबा फोनवर म्हणाले, "पोरांना अणूचं भ्याव कशाला दाखवायलीस?" तेव्हा तासाची घंटा झाली, म्हणून आता निवांत लिहायलेय.

बाबा, भ्याव त्यांच्याकडं आधीपासूनच आहे, फक्त भलत्या जागी. माझ्या बारावीच्या पोरांना तारापूर, कैगा, कुडनकुलम ही अणुवीज केंद्रं तोंडपाठ आहेत. तरी अणुभट्टी बॉम्बसारखी फुटते म्हणून एकानं पैज लावली. वीजकेंद्राच्या इंधनात युरेनियम-235, म्हणजे सहज फुटणारं युरेनियम, बॉम्बाइतकं नसतं, तसा स्फोट होत नाही, हे लगेच पटलं. अडलं पुढंच. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, धोका वाटला की बंद करायची. झालं ना?"

मला परळीचं कोळशावरचं वीजकेंद्र आठवलं. 2015 ला त्याला पाणी पुरवणारा खडका बंधारा आटला आणि वीजसंच बंद करावे लागले. कोळसा थांबवला, बॉयलर विझला, विषय मिटला. अणुवीज केंद्रातही वाफ, टर्बाइन, जनरेटर सगळं तुमच्या ओळखीचंच. पण भट्टी थांबवली तरी इंधनात तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ उष्णता सोडतच राहतात. सुरुवातीला मूळ उष्णतेच्या 6 टक्क्यांच्या आसपास. ती हळूहळू उतरते, तोवर पाणी खेळतं ठेवावंच लागतं. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात 11 मार्च 2011 ला भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. मग त्सुनामीत डिझेल जनरेटर बुडाले, पंपांची वीज गेली आणि तिन्हींतलं इंधन वितळलं. समोर अख्खा समुद्र असून!

एकीनं लगेच विचारलं, "मग आपल्याकडं मे महिन्यात काय करायचं?" आपल्याकडच्या लेकरांना पाण्याचा हिशोब शिकवावा लागत नाही बघा. अणुवीज नकोच असं मी त्यांना सांगत नाही. तिथं धुराडं नाही, राखेचा तलाव नाही, हेही सांगते. पण प्रश्न असे नेमके पडले पाहिजेत.

आई, मावशीला कॅन्सरमध्ये मशीनचे शेक दिले तेव्हा शेजारणी लेकरांना तिच्याजवळ फिरकू देत नव्हत्या. त्या शेकानं माणूस किरणोत्सारी होत नाही. जिथं खरं भ्यायला पाहिजे तिथं मात्र कुणाला पत्ता नसतो. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचं किरणोत्सारी कोबाल्ट-60 चं जुनं यंत्र भंगारात विकलं गेलं, ते फोडलं आणि एक कामगार जिवानिशी गेला. म्हणून किरणोत्साराचा इशारा देणाऱ्या पिवळ्या पाटीवरची ती तीन पाती मी फळ्यावर काढली. अर्ध्या वर्गाला तो पंखा वाटला!

बाबा, दिवाळीनंतर एक दिवस कॉलेजात या. बॉयलरपासून कंडेन्सरपर्यंत तुम्ही सांगा, पुढचं मी घेते. संचाला दिवसाला किती पाणी लागायचं ते जुन्या वहीत बघून या, पोरं विचारल्याशिवाय राहायची नाहीत. येताना आईलाही आणा, मावशीकडं जाऊन येऊ.

तुमची,
मनू