कोरड्या फळ्या

पुणे, १८ फेब्रुवारी

प्रिय सुनंदे,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही. दोनदा तुझा फोन "मग करते" म्हणून ठेवला, तो 'मग' उगवलाच नाही. कबूल. शिव्या उत्तरात घाल, पण आधी हे वाच, कारण महिला दिनाला माझा सत्कार आहे आणि तो कसा टाळावा ते मला कळत नाहीये. तब्येत बरी. गुडघा आहे तसाच, साखर काबूत.

मीराने साठीची राहून गेलेली भेट म्हणून जानेवारीत मला स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनला नेलं. लाउटरब्रुनेनच्या दरीवर, कड्याच्या खांद्यावर बसलेलं गाव. तिथे मोटार जातच नाही, दातेरी रुळांच्या गाडीने वर चढायचं. इथवर सगळं छान. पोचल्यावर कळलं की भेट म्हणजे गाव नव्हे, तीन दिवसांची स्कीची शिकवणी! पैसे भरलेले, बूट, हेल्मेट आणि त्या दोन फळ्या भाड्याने आणून ठेवलेल्या. जावई पहिल्या रात्री सांगत होता, इथल्या लाउबरहॉर्नच्या शर्यतीत २०१३ साली एकाने ताशी १६१ किलोमीटर वेग गाठला. मी म्हटलं, आमची एसटी घाटातसुद्धा इतकी घाई करत नाही. कुणी हसलं नाही. तू हसली असतीस.

पहिल्या दिवशी गेले हं. ते बूट म्हणजे दोन्ही पायांना प्लास्टर. मास्तर विशीतला पोरगा. "पायांचा पिझ्झा करा," म्हणायचा, म्हणजे फळ्यांची टोकं पुढे जुळवून मागे फाकवायच्या, की थांबता येतं. माझा पिझ्झा काही झाला नाही. दुसऱ्यांदा पडले तेव्हा समोर युंगफ्राऊ, तिथलं मोठं हिमशिखर, अख्खी उन्हात उभी होती. मास्तर हात देत होता आणि मला उठायचंच नव्हतं. लाज म्हणून नव्हे गं, बसून ती नीट दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या वाटेला लागल्यावर मी फळ्या तळघरात उभ्या केल्या, साधे बूट घातले आणि स्टेशन गाठलं. खाली लाउटरब्रुनेनला स्टाउबबाखचा धबधबा पाहिला. जवळजवळ तीनशे मीटरची धार, कडेकडेने गोठून झुंबरं झालेली. मग समोरच्या रोपवेने ग्र्युचआल्पला. तिथून दरीपलीकडे वेंगेन दिसतं, म्हणजे ज्या शिकवणीला मी दांडी मारली तिच्याकडे मी चक्क समोरून बघत होते. पुढे छोट्या गाडीने विंटरएग आणि तिथून म्युरेनपर्यंत चालत. हिवाळी पायवाटेला गुलाबी पाट्या असतात, बर्फ दाबून ठेवलेला असतो, माझ्या गुडघ्यालासुद्धा तक्रार नाही. पावलाखाली साखर चावल्यासारखा आवाज. बाकावर बसून संक्रांतीची उरलेली गुळपोळी खाल्ली. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राऊ. सुनंदे, इतकं सुख मला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

तू इतिहासाची बाई, म्हणून एक खाऊ. म्युरेनला १९२४ साली इंग्रजांनी स्कीचा क्लब काढला, त्याचं नाव कंदाहार! शर्यतीला चषक दिला तो लॉर्ड रॉबर्ट्सने, काबूलहून कंदाहारला फौज नेणारा तोच तुझा इंग्रज सेनापती, म्हणून. आणि त्याच्याही आधीची गोष्ट: १८६४ साली सेंट मोरित्झच्या एका हॉटेलवाल्याने इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली म्हणे, की हिवाळ्यात येऊन बघा, आवडलं नाही तर प्रवासखर्च माझा. ते आले आणि वसंतापर्यंत हललेच नाहीत. त्या वेळी तिथे स्की कुणाला ठाऊक होतं? मंडळी उन्हात बसायला यायची, बर्फावर गाड्या घसरवायची. म्हणजे मूळ हक्क माझाच. फळ्यावाले उपरे.

हो, मला खिरेश्वर आठवलं. तुम्ही सगळे तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर आणि मी खाली. परत आल्यावर सगळ्यांसमोर म्हणालीस, "विजू गडाला आली आणि पायथ्याशी पिठलं खाऊन गेली." मग चौदा दिवस अबोला. बापटने मध्यस्थी केली नसती तर अजून चालला असता. तुला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते: मी नागेश्वराच्या देवळात उताणी पडून छतावरचं कोरीवकाम बघत होते. दुपारभर. तुला ते दिसलं का? तू तर पळतच गेलीस वर.

तर मुद्दा. वेंगेनला दांडीच्या त्या संध्याकाळी तळघरात मीराचा ईशान. सगळ्यांच्या फळ्यांखाली पाण्याची थारोळी आणि माझ्या ठणठणीत कोरड्या. आठ वर्षांचं पोर. त्याने फळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी गुलाबी पाट्यांपासून गुळपोळीपर्यंत सगळं सांगून टाकलं. तो काही बोलला नाही. बाहेर गेला, ओंजळभर बर्फ आणला आणि माझ्या फळ्यांना चोळला. आणि रात्री जेवताना, कुणी विचारलेलं नसताना: "आजी आज फक्त एकदाच पडली. डावीकडे." डावीकडे! खोटं बोलावं तर असं. मला भात गिळवेना. तिसऱ्या दिवशीही बर्फ त्यानेच चोळला आणि मी, नालायक, चोळू दिला.

मीराने पहिल्या दिवशीचा माझा हेल्मेटमधला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो सोसायटीत. आता ज्येष्ठ नागरिक संघात ८ मार्चला सत्कार आणि 'बर्फावरचे माझे अनुभव' यावर मी दहा मिनिटं बोलायचं. ह्यांना काही ठाऊक नाही, आणि संघाचे खजिनदार हेच. शाल आणून आमच्याच कपाटात ठेवलीये. मोरपंखी. रंग चांगला आहे, हेच वाईट.

मीराला खरं सांगायला मी घाबरत नाही. दोन दिवस रुसेल, पैशांचं बोलेल. पण खरं सांगितलं की पोरगं उघडं पडतं. आणि नाही सांगितलं तर आजीने नातवाला काय शिकवलं? पोहायला मी शिकवलं नाही, रामरक्षा शिकवली नाही. शिकवलं ते हे. गुडघ्याचं निमित्त करून सत्कार टाळावा तर "एवढं स्कीइंग केलंत, गुडघा दुखणारच" म्हणून दोन हार जास्त. लेले बाई असत्या तर वर्गाबाहेर उभं केलं असतं आणि प्रश्न मिटला असता.

तुझी पाठ कशी आहे? नितीनला घराचा ताबा मिळाला का? गच्चीच्या गळतीचं पावसाळ्याआधी बघ. नाशिकला येणार होते ते एप्रिलमध्ये नक्की.

पाच तारखेच्या आत कळव. फोनवर नको, हे शेजारीच बसलेले असतात.

तुझी,
पायथ्याची विजू

ता. क. काल ईशानचा फोन. मीरा स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच म्हणाला, पुढच्या वर्षी मी पण तुझ्याबरोबर गुलाबी पाट्यांच्या वाटेने येणार. आईला सांगू, शिकवणीला जातोय. बर्फ दोघांच्या फळ्यांना तो लावेल म्हणे.