एका वेळी एकच सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘काय ऐकावं, काय पाहावं’ अशी यादी येते. गेल्या रविवारी माझी नात ती घेऊन आली आणि म्हणाली, “आजोबा, यातलं आधी कुठलं?” गाणी, मालिका, पॉडकास्ट, व्यक्तिमत्त्व विकासाची भाषणं, सगळं मिळून मी मोजलं तर सदतीस नावं होती. तिला काय सांगावं ते मला सुचेना. म्हणून हे पत्र.

मी सांगलीवाडीचा. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर पंपचालक होतो, २०१९ च्या मे महिन्यात निवृत्त झालो. गाणं शिकलेलो नाही. पण ऐकायला मात्र मला शिकवलं गेलं, आणि ते शिकवणारा माणूस आमचा फिटर होता. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पंपाचं बेअरिंग जायला लागलंय की नाही हे ते कानानं सांगत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. पहिले पंधरा दिवस मला नुसती घरघर ऐकू आली. मामा म्हणाले, “रोज ह्योच पंप ऐक. दुसऱ्याला कान लावू नगंस.” महिन्याभरानं त्या घरघरीच्या आत बारीक कचकच आहे, वाळू चावल्यासारखी, हे माझं मला कळलं. बेअरिंग उघडलं तेव्हा गोळ्यांवर खवले पडलेले होते.

त्याच मामांनी १९९४ च्या सुमारास मला एक कॅसेट दिली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. म्हणाले, “यातली झिंझोटीची ठुमरी तेवढी ऐक. एकच. म्हैनाभर. मग ये सांगाया.” झिंझोटी रागातली ‘पिया बिन नाही आवत चैन’. पंप चालू असताना ऐकणं शक्यच नव्हतं. पण तिसऱ्या पाळीत लाईट जायची. पंप ट्रिप झाला की व्हॉल्व्ह धाडकन बसायचा, पाइपमधलं पाणी थोडा वेळ कुरकुरायचं आणि मग नदीकाठच्या बेडकांशिवाय काही ऐकू यायचं नाही. त्या वेळात मी सेलवरचा टेपरेकॉर्डर लावायचो.

खरं सांगतो, पहिल्या दिवशी तो आवाज मला किनरा वाटला, आवडला नाही. आठवड्यानं आवाजाकडं लक्ष जाणं बंद झालं आणि सूर कसा लागतो त्याकडं लागलं. खाँसाहेब सुरावर आदळत नाहीत. शांत पाण्यात घागर बुडवावी तसे हळूच आत उतरतात. हे मला कुणी समजावून दिलं नव्हतं. तेच तेच ऐकून ते आपोआप दिसलं. आणि कॅसेटवरचं हे गाणं मूळचं जुन्या तबकडीवरचं, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं. मैफलीत जे निवांत पसरायचं ते एवढ्यात बसवलेलं. भीमसेन जोशींनी लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गाणं शिकायला घर सोडलं, हे आपण सगळेच वाचतो. मला त्यात एवढंच दिसतं की त्या मुलाच्या कानावर सदतीस गोष्टी एकदम आल्या नव्हत्या.

निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहानं मी तीन दिवसांच्या एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला गेलो. सहा हजार रुपये फी. मंगल कार्यालयात आम्ही दीड-दोनशे माणसं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकसारखा पेनड्राइव्ह मिळाला, त्यात चाळीस तासांची भाषणं. माझ्या शेजारी एक बाई होत्या, नुकतेच पती वारलेले. त्यांनाही तोच, मलाही तोच. आमच्या मिरजेत डॉक्टरकडं गेलं तर आधी विचारतात, काय होतंय, कधीपासून होतंय. इथं कुणी काही विचारलंच नाही. पैसे गेल्याचं मला तेवढं वाटत नाही. त्या बाईंचं वाटतं. त्यांना कुणीतरी जवळ बसून सांगायला हवं होतं, की संध्याकाळी सात वाजता, घर खायला उठतं तेव्हा, हे एक ऐका.

शिफारस कशी करावी हे बघायचं असेल तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जावं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची बातमी आपणही छापली असेल. तिथल्या एका दुकानात मी अधूनमधून जाऊन बसतो, ते बसू देतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वर टांगलेले असतात. कारागीर जवारी लावायला, म्हणजे तार गुंजेल असं करायला बसतो तेव्हा काम हाताचं कमी, कानाचं जास्त. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीनं किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचं. परत घासायचं. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा. दोरा केसभर मागं असला तर तार मुकी. केसभर पुढं नेला की एकाएकी ती मधमाश्यांसारखी गुंजायला लागते, आणि एका तारेतून दोन-तीन सूर निघाल्यासारखे वाटतात. पण हे करण्याआधी कारागीर गिऱ्हाइकाला पहिलं विचारतो, “पट्टी कुठली तुमची?” बाईमाणसाचा तंबोरा वेगळा, पुरुषाचा वेगळा. गाणाऱ्याचा गळा माहीत नसताना तो जवारी लावत नाही. दुपारी तीनच्या सुमारास, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा जावं, मोबाईल खिशात ठेवावा आणि निदान एका तंबोऱ्याची जवारी लागेपर्यंत उठू नये.

पाहण्याबद्दल मी फार सांगणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते या सांगलीत, आणि सांगलीतल्याच कित्येक मुलांनी अजून एकही नाटक थिएटरात बसून बघितलेलं नाही. वर्षाला एक बघा. हौशी असलं तरी चालेल.

आणि मिरजेच्या ख्वाजा शमनामीरा दर्ग्याचा उरूस चुकवू नका. खाँसाहेब उत्तरेकडच्या कैरान्याचे, पण राहिले मिरजेत. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना वारले, आणि त्यांना मातीही मिरजेतच, या दर्ग्यात, दिली. उरुसात त्यांच्या नावानं संगीत सभा होते. तिकीट नाही. लहान मुलं मांडीवर झोपलेली असतात, पहाटेपर्यंत लोक बसतात. मामा मला तिथं पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा म्हणाले होते, “पुढं बसू नगं. तंबोरा ऐकू येतो तिथं बस.”

माझ्या कॅसेटी २०१९ च्या पुरात गेल्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. घर उघडलं तेव्हा चाळीसेक कॅसेटींचा डबा गाळानं भरलेला. मामांची कॅसेट मी धुऊन उन्हात ठेवली, पण फीत चिकटली ती चिकटलीच. पुढं नातीनं तीच ठुमरी मोबाईलवर शोधून दिली. तिच्या खाली लगेच आणखी पन्नास नावं आली. मी तिला म्हटलं, “ही पन्नास राहू देत. ही एकच ऐक, रोज रात्री जेवणानंतर, पंखा बंद करून.” पहिले चार दिवस ती माझ्यासाठीच ऐकत होती, हे मला कळत होतं. नवव्या दिवशी म्हणाली, “आजोबा, हे शेवटी असं एकदम का थांबतात? अजून गायचं होतं ना त्यांना?” तेव्हा मी तिला तबकडीच्या तीन मिनिटांचं सांगितलं.

माझी विनंती अशी आहे. ती यादी बंद करा असं मी म्हणत नाही. पण तिच्या शेजारी चार बोटं जागा ठेवा. दर रविवारी एका वाचकानं एकच गोष्ट सांगावी. कुणी दिली, कधी ऐकली, किती दिवस ऐकली आणि कुणाला देणार, एवढं लिहावं. गवंडी लिहील, नर्स लिहील, हळदीच्या वखारीतला हमाल लिहील. आमच्या सांगलीत १९६३ पासून आकाशवाणी आहे. त्यावर पहाटे लागणाऱ्या भक्तिसंगीतापायी ज्यांचं अख्खं आयुष्य सावरलं अशी माणसं मला माहीत आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

मी पहिलं लिहून पाठवायला तयार आहे. मला मोबाईलवर टाइप करता येत नाही, हातानं लिहून पोस्टानं पाठवीन. पाकिटावर सदराचं नाव काय घालायचं, तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त पंपचालक
सांगलीवाडी