फळ्यावरच्या शुभेच्छा पुसणाऱ्यांना

माननीय संपादक,

१ जानेवारीला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी ‘नवीन वर्षाच्या शुभेच्छा’ टाकल्या, की लगेच उत्तर येतं : ‘आमचं नवीन वर्ष पाडव्याला. गुलामी सोडा.’ मग बिचारा शुभेच्छा देणारा मेसेज काढून टाकतो.

पाडव्याचा अभिमान मलाही आहे. डोंबिवलीत १९९९ साली श्री गणेश मंदिर संस्थानने नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली. माझी मुलं त्या यात्रेत लेझीम खेळत मोठी झाली. म्हणूनच पाडव्याच्या नावाने कोणी दुसऱ्यावर डाफरलं, की मला राग येतो. खालचा गुजराती दुकानदार दिवाळीत ‘साल मुबारक’ म्हणतो, पारशी ऑगस्टमध्ये नवरोज साजरा करतात, सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिका १९५७ पासून २२ मार्चला (लीप वर्षी २१ ला) चैत्र सुरू करते. यातलं काहीच कोणाला खुपत नाही. मग १ जानेवारीच तेवढी का खुपते?

यंदा तर नाताळातच सुरुवात झाली. मी सोसायटीचा सचिव. लिफ्टशेजारच्या फळ्यावर टाकी सफाईची तारीख, मेन्टेनन्सची मुदत असं सगळं मीच लिहितो आणि वरच्या कोपऱ्यात सणाच्या शुभेच्छा. बुद्ध पौर्णिमा, ईद, पर्युषण, कोजागिरी, काही सोडत नाही. २५ डिसेंबरला सकाळी ‘नाताळच्या शुभेच्छा’ लिहिलं. दुपारी पाहतो तर ओल्या फडक्याने पुसून तिथे ‘तुळशीपूजन दिवस’! तुळशीचं लग्न कार्तिकात लागतं. तेव्हाही फळ्यावर मीच लिहिलं होतं. तुळशीला नमस्कार करायला नाताळ पुसावा लागतो, हे माझ्या आईने मला कधी शिकवलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर वसईचं ख्रिस्ती कुटुंब राहतं. घरात कादोडी ही मराठीची बोली बोलतात, तीच वसईतले सामवेदी ब्राह्मणही बोलतात. त्या घरच्या काकू लिफ्टची वाट पाहत फळ्यासमोर उभ्या होत्या. वाचलं, पण बोलल्या काहीच नाहीत. संध्याकाळी मात्र नेहमीसारखं केक आणि नेवऱ्यांचं ताट घेऊन मजल्यामजल्यावर फिरल्या. एकही घर वगळलं नाही. ज्यांनी पुसलं त्यांचंही नाही.

वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही ‘धर्मगुरू कशाला?’ म्हणणारे निघाले होते. ज्यांची मायबोली मराठी, त्यांनी आपलेपणाचा आणखी कोणता दाखला द्यायचा?

‘ते देतात का आपल्याला पाडव्याच्या शुभेच्छा?’ असं मला विचारलं गेलं. देतात. काकूंचा फोन आम्ही यात्रेला निघायच्या आधी येतो.

शुभेच्छा नको असेल तर गप्प राहावं, त्याला कोणाची हरकत नाही. पण दुसऱ्याला दिलेली पुसायचा हक्क कोणी दिला?

२०२६ चा पाडवा १९ मार्चला आहे आणि रमजान ईद चंद्रदर्शनाप्रमाणे त्याच आठवड्यात येईल. मी दोन्ही शुभेच्छा शेजारी शेजारी लिहिणार आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत तसं सांगूनही ठेवलंय. ज्याला आक्षेप असेल त्याने तो सहीनिशी, लेखी द्यावा. सर्वसाधारण सभेत सगळ्यांसमोर चर्चा करू.

– एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव, डोंबिवली (पूर्व)