पुण्याला पाठवलेलं पत्र

डिचोली

चि. बायस अनेक आशीर्वाद.

कदंबाच्या बसमध्ये बसलीस ती दुसरीकडे तोंड करून. आई म्हणते, सुरुवात मीच केली. असेल. झोपेबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही, असं तिला कबूल केलंय.

चवथीला तू ठेवून गेलेले पेंटोमिनोचे, म्हणजे पाच-पाच घरं जोडून केलेले, पुठ्ठ्याचे बारा वेगवेगळे तुकडे पावसाने फुगले. देव्हाऱ्याची फणसाची फळी उरली होती, तिच्यातून नवे कापले. कानस मारली, कडा पॉलिश पेपरने घासल्या. दादू हसला. त्याचं पुन्हा तेच चाललंय, त्याबद्दल आई फोनवर सांगेल.

सहा बाय दहाची चौकट २३३९ तऱ्हांनी भरते म्हणालीस, तेव्हा वाटलं, एखादी तरी सहज हाताला लागेल. कसली लागते! अकरा तुकडे बसतात आणि बाराव्याला उरते ती जागा नेमकी भलत्या आकाराची. आता थोडं कळू लागलंय. अधिकाच्या चिन्हाचा तुकडा आजीसारखा हट्टी, त्याचं आधी बघायचं. त्याला अगदी कोपऱ्यात दडपलं तर कोपऱ्यातलं घर एकटं पडतं, ते कुणालाच भरता येत नाही. दोन बाय दोनला एक घर चिकटलेला जाडा तुकडा मात्र शेवटासाठी राखायचा, तो कुठेही सामावतो. आणि मध्ये खड्डा बंद झाला की घरं मोजायची. पाचाने भाग जात नसेल तर पुढे एकही तुकडा लावू नये. सगळं उधळायचंही नाही. शेवटचा उचलायचा, दुसरा लावून बघायचा, नाहीच जमलं तर त्याच्या आधीचा. कॉम्प्युटरही असंच करतो ना? गणितज्ञ डेना स्कॉट यांनी १९५८ साली मधली चार घरं सोडून आठ बाय आठचा पट त्याच्याकडून भरवला आणि ६५ तऱ्हा निघाल्या, हे तूच सांगितलं होतंस. पण बाय, यंत्राला रात्रीचे तीन वाजले काय नि चार वाजले काय, त्याचं डोकं दुखत नाही.

बघ, लिहिणार नव्हतो.

बुद्धिबळाच्या पटाचे समोरासमोरचे दोन कोपरे कापले, तर उरलेली ६२ घरं दोन-दोन घरांच्या पट्ट्यांनी भरत नाहीत. दोन्ही कोपरे एकाच रंगाचे, म्हणून एका रंगाची ३२ उरतात, दुसऱ्याची ३०. आणि पट्टी तर दर वेळी दोन्ही रंग झाकते. मग अशा पटापुढे रात्र जागून काय मिळणार? तू म्हणशील, तो भरत नाही हे शोधायलाही कुणीतरी जागलं असेलच. तुझ्याशी वादात कोण जिंकणार! बँकेच्या परीक्षेचं बोललो ते मात्र मागे घेत नाही. वर्षभर एकाच जागी अडकलेय असं तूच म्हणालीस, मी बाप आहे, काहीतरी सुचवणारच. जाऊ दे, पुन्हा व्याख्यान झालं. राग मानू नकोस.

लहानपणी माझ्या कारखान्यात भुशात बसून ढलपे जुळवायचीस. जेवायला हाक मारली की म्हणायचीस, ‘एकच राहिला.’ आई ताट घेऊन तिथेच यायची, आणि तू घास तोंडात धरूनच जुळवत राहायचीस. केसांत भुसा, फ्रॉकला फेविकॉल. तेव्हा मला त्याचं भारी कौतुक होतं, गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवायचो. अजूनही बाजारात कुणी भेटलं की विचारायच्या आधीच सांगतो, ‘आमची बाय पुण्याला गणितात पीएचडी करते.’ कशात, असं विचारलं की गडबडतो. एका कागदावर सोप्या मराठीत दोन ओळी लिहून पाठव.

तीन बाय वीसच्या दोनच तऱ्हा आहेत, त्याच्या वाटेला जाऊ नका म्हणालीस. मी गेलोय. दुपारी जेवण झालं की बसतो, दिवेलागणीला उठतो. दिवेलागणीला, लक्षात घे.

तुझ्यासाठीही एक संच कापलाय, पार्सलने पाठवतो. सोबत आईने सोलां आणि उकडे तांदूळ दिलेत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलीस का ते आईला कळव, मला नाही कळवलंस तरी चालेल.

तुझा,
बाबा